मोड आला, म्हणजे नेमकं काय झालं?

श्रोतेहो, नमस्कार.

पेशंट आत येतो, दार नीट लागलंय ना ते बघतो आणि खुर्चीच्या कडेवर टेकतो. "डॉक्टर, मूळव्याध आहे बहुतेक." हे एवढं बोलायला त्याला कधीकधी वर्ष-दोन वर्षं लागलेली असतात. तपासावं तर पुष्कळदा ती मूळव्याध नसतेच. त्या जागी खाज सुटो, चीर पडो, गळू होवो, आपण सगळ्याला एकच नाव देऊन मोकळे होतो.

तेव्हा आधी आत काय असतं ते पाहू. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला तीन मऊ गाद्या असतात. एक डावीकडे, दोन उजवीकडे, त्यांतली एक पुढे नि एक मागे. त्या तुम्हालाही आहेत आणि मलाही, जन्मापासून. नळ कितीही पिळला, तरी आत वायसर नसेल तर तो थेंब थेंब गळतोच. तसंच स्नायूचं कडं एकटं गुदद्वार पूर्ण बंद करू शकत नाही. एरवी ते मिटलेलं ठेवणाऱ्या दाबातला साधारण १५ ते २० टक्के वाटा या गाद्यांचा असतो.

पूर्वी वाटायचं, मोड म्हणजे फुगलेल्या शिरा. १९७५ साली थॉमसन या ब्रिटिश सर्जननं दाखवलं, की गाद्या मुळात निरोगीच असतात, फक्त त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल होतात आणि त्या खाली घसरतात. सतत कुंथणं, वाढतं वय, गरोदरपण ही त्याची नेहमीची कारणं. आणि मोबाइल घेऊन संडासात बसणं! तिथं बसल्यावर खालून आधार नसतो, गाद्या रक्तानं भरत राहतात.

दोन-तीन सेंटीमीटर आत करवतीच्या दात्यांसारखी एक रेषा असते. तिच्या वर दुखणं कळत नाही, खाली मात्र टाचणीही सहन होत नाही. म्हणून आतल्या, म्हणजे या रेषेच्या वरच्या, मोडातून लालभडक रक्त पडतं, पण दुखत नाही. शौचाला काच कापल्यासारखं होत असेल, तर बहुधा ती फिशर म्हणजे चीर असते. कडेला अचानक निळसर, ठणकणारी गाठ आली, तर बाहेरच्या, म्हणजे रेषेखालच्या, मोडात रक्त साकळलेलं असतं. ती पहिल्या तीन दिवसांत दाखवलीत, तर काढून टाकून लवकर आराम देता येतो.

मलमानं खाज थांबते, घसरलेली गादी वर जात नाही. रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा, म्हणजे फायबर, पोटात गेला आणि जोडीला भरपूर पाणी, तर पुष्कळांचं रक्त थांबतं. हा उपाय इतका साधा, की लोकांना तो उपायच वाटत नाही.

तेवढ्यानं भागलं नाही, तर बँडिंग. मोडाच्या मुळाशी, त्या दातेरी रेषेच्या वर, छोटं रबरी कडं चढवायचं. भूल लागत नाही. रक्तपुरवठा तुटतो, आठवड्याभरात मोड गळून पडतो आणि उरलेली गादी जागच्या जागी चिकटते. कडं चढवताक्षणी जोराची कळ आली, तर लगेच सांगा. ते रेषेच्या खाली बसलेलं असतं, काढावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही आधी सांगा. घरी गेल्यावर ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका.

मोड बोटानं आत ढकलावा लागत असेल किंवा बाहेरच राहत असेल, तर ऑपरेशनचा विचार येतो. १९३७ साली मिलिगन आणि मॉर्गन यांनी वर्णन केलेली पद्धत आजही वापरात आहे. तिच्यात जखमा उघड्या ठेवतात, आणि दोन जखमांच्या मध्ये कातडीची पट्टी राखतात, नाहीतर भरताना वाट अरुंद होते. दुखतं, हे मी पेशंटला स्पष्ट सांगतो. लेझरनं कमी दुखतं, पण मोड पुन्हा येण्याची शक्यता जास्त. जाहिरातीत पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं.

एक राहिलं. आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्तच पडतं. शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, रक्त काळपट किंवा शौचात मिसळलेलं दिसलं, घरात कुणाला हा आजार होऊन गेला असेल, तर दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यावं लागतं. एरवीची तपासणी म्हणजे डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. आधी बोटानं, मग छोट्या नळीतून पाहतात. पाच मिनिटंही लागत नाहीत.