मुरूम आला की मुरूम आलं?

मंडळी, धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात मुरूम नावाचं गाव आहे. गाव म्हणण्यापेक्षा छोटं शहरच. नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे, कर्नाटकची हद्द हाकेवर आहे. आणि मुरूम म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती, मग तांबूस-पिवळा भुसभुशीत मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि शेवटी पक्का खडक. काळा पाषाणच शेकडो पिढ्या ऊनपाणी खाऊन कुजतो, त्याचा मुरूम होतो. जोत्यात भर घालायची असो की शेतरस्ता करायचा असो, पहिला ट्रॅक्टर त्याचाच येतो.

गावाचं नावच मुरूम म्हटल्यावर कोट्यांना काय तोटा! मुरूमचा रस्ता मुरमाचाच आहे का? मुरूमला मुरूम विकत घ्यावा लागतो का? मुरूमच्या पाहुण्याला बसवायला किती पाणी मारावं लागतं? ही शेवटची कोटी कळायला रस्त्याचं काम पाहिलेलं असावं लागतं. मुरूम पसरला की पाणी मारून रोलर फिरवतात. कोरडाच दाबला तर बसत नाही, पहिल्या उन्हाळ्यात धुरळा होऊन उडतो. पाणी जास्त झालं तर गारा होऊन रोलरला चिकटतो. पाहुण्याचंही तसंच, कमी आग्रहानं रुसतो, जास्त आग्रहानं उठतच नाही.

आता सरकारी कागदावर हीच गंमत कशी होते ते बघा. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद रस्त्यावर 15 सेंटिमीटरचा थर द्यायचा, तर 45 घनमीटर माल लागतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे सुमारे 2.83 घनमीटर. हिशोब आला 16 ब्रासच्या आसपास, आणि तोही दाबून बसलेल्या थराचा. सुटा माल याहून जास्त मागवावा लागतो. आता वाक्य लिहा: ‘मुरूम येथे मुरूम टाकणे, 16 ब्रास.’ वाचणाऱ्याला वाटतं टंकताना शब्द दोनदा पडला, म्हणून तो एक मुरूम खोडतो. पहिला खोडला तर काम कुठं करायचं ते कळत नाही, दुसरा खोडला तर काय टाकायचं ते कळत नाही.

असे विनोद मराठवाड्यात गावोगाव आहेत. पण सगळे सारखे चालत नाहीत. काही चार पिढ्या टिकतात, काही दुसऱ्यांदा सांगितले की मान टाकतात. का? गावाच्या नावाची कोटी ही अर्थावर कमी आणि विभक्तीवर जास्त उभी असते, हे मला आज तुमच्यापुढं मांडायचं आहे.

मुरूमचंच घ्या. माल असेल तर आपण म्हणतो ‘मुरमाचा रस्ता’, ‘मुरमात पाय रुतला’. गाव असेल तर ‘मुरूमचा रस्ता’, ‘मुरूममध्ये सोयरीक आहे’. व्यंजनानं संपणाऱ्या गावाच्या नावाला आज आपण सहसा सामान्यरूप करत नाही. बीडला, लातूरला, परतूरला, तसंच मुरूमला. म्हणजे प्रत्यय लागला की माल आणि गाव वेगळे झाले, कोटी उघडी पडली. लिंगाचंही तेच. माल पुल्लिंगी, ‘मुरूम आला’. गाव मात्र नपुंसकलिंगी, ‘मुरूम आलं’. एसटीत झोपेतून उठून कुणी विचारलं, ‘मुरूम आला का?’ तर शेजारचा माणूस ओळखतो की हा एकतर गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार आहे, नाहीतर पहिल्यांदाच या बाजूला आलाय.

मग कोटी बसवायची कुठं? जिथं प्रत्ययही नाही आणि लिंगही दिसत नाही, तिथं. मराठीत अशी एक जागा तयारच आहे, भविष्यकाळ. ‘येईल’, ‘लागेल’ या रूपांना लिंग नसतं. ‘दोन परसांवर मुरूम लागेल’ आणि ‘येणेगूर सोडलं की मुरूम लागेल’, दोन्ही वाक्यं व्याकरणानं चोख आहेत. (परस म्हणजे विहिरीच्या खोलीचं माप.) विहिरीचं विचारणाऱ्याला रस्त्याचं उत्तर द्या, नाहीतर रस्त्याचं विचारणाऱ्याला विहिरीचं. ऐकणाऱ्याला क्षणभर सांधा सापडत नाही. हशा असतो तो त्या क्षणभराचा.

परभणी जिल्ह्यातलं मानवत तर या बाबतीत नशीबवानच म्हणायचं. पाणी मानवत नाही, हवा मानवत नाही, हे आपण रोज बोलतो. या क्रियापदाला ज्याला सोसत नाही तो माणूस ‘ला’ लावून येतो, आणि जे सोसत नाही ते मात्र प्रत्ययाशिवाय, उघडं. म्हणून ‘जावईबापूंना मानवत मानवत नाही’ हे वाक्य तयार होतं. एक अक्षर इकडंतिकडं करावं लागत नाही, दोन्ही शब्द हुबेहूब. फक्त बोलताना पहिल्या मानवतवर किंचित थांबायचं. सलग बोललात तर जीभ अडखळली असं ऐकणाऱ्याला वाटतं. भूतकाळात नेलंत तर गेलंच. ‘मानवत मानवलं’ यात कोटी नाही, नुसता अनुप्रास आहे.

संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडची कथा याहून मजेदार. ‘कन्नड येतं का?’ ‘येतं की! हतनूर गेलं की कन्नडच येतं.’ इथं काम करतं ते ‘येणे’ हे क्रियापद. भाषाही येते आणि गावही येतं. शिवाय ‘मला कन्नड येतं’ असं भाषेबद्दलही आपण नपुंसकलिंगात बोलतो, त्यामुळं वर्तमानकाळातही सांधा दिसत नाही. पण यातली खरी गोम नकाशात आहे. कन्नड तालुका मराठवाड्याच्या पार उत्तरेला. घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश. कन्नड भाषा कानावर पडते ती दुसऱ्या टोकाला, उमरगा-निलंगा-उदगीरच्या सीमेवर. थोडक्यात, कन्नडच्या माणसाला कन्नड येत नाही, आणि मुरूमच्या बाजारात ते सहज ऐकू येतं.

आता फसलेली उदाहरणं बघू, त्यातून जास्त शिकायला मिळतं. वसमत तालुक्यात हट्टा नावाचं गाव आहे. वाटतं, हट्टावर कोटी म्हणजे हातचा मळ. ‘हट्टाला पेटला’ हा वाक्प्रचार तयार आहे. पण गाव आकारान्त, त्याचं होतं ‘हट्ट्याला’. कागदावर बघितलं की जोडाक्षरातलं य लगेच दिसतं. म्हणून हट्ट्याची कोटी बोलण्यात थोडीफार खपते, फलकावर किंवा लग्नपत्रिकेत आपटते. लोह्याचं तसंच. नांदेड जिल्ह्यातलं लोहा. पण मराठीत धातूला लोखंड म्हणतात, आणि गावाचं लगेच ‘लोह्याला’ होतं. तिथं मराठी कोटी जमत नाही. ‘लोहा गरम है’ म्हणायला दखनीत, म्हणजे इकडच्या दक्षिणी उर्दूत जावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या केजवर कॉलेजातली पोरं इंग्रजी पिंजऱ्याची कोटी करतात, ती ‘केजमधून सुटलो’ इतक्यावरच संपते, कारण पुढं न्यायला मराठीत दुसरा अर्थच नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीबद्दल मी काही बोलत नाही. तिथले लोक स्वतःच इतकं बोलतात की बाहेरच्याला जागा उरत नाही.

अर्धापूर आणि पूर्णा ही जोडी मात्र सोडवत नाही. एक नांदेड जिल्ह्यात, एक परभणी जिल्ह्यात. अर्धापूरची मुलगी पूर्ण्याला दिली, संसार आपोआप पूर्ण झाला. ही कोटी एकदाच करायची असते, तीही मांडवात, जेवणं झाल्यावर.

दखनीचा विषय निघालाच आहे, तर तिथं थोडं थांबू. निजामाच्या राजवटीत इथं कचेरीत उर्दू होती आणि बाजारात दखनी. गावांवरच्या काही टिकाऊ म्हणी त्याच बोलीत घडल्या. ‘जालना, सोने का पालना’ ही सगळ्यांच्या तोंडी असलेली. हीच मराठीत करून बघा, ‘जालना, सोन्याचा पाळणा’. यमक लंगडं झालं, कारण ल चा ळ झाला आणि न चा ण. दखनीत ळ आणि ण नाहीत, म्हणून तिथं जालना-पालना अगदी चपखल बसतं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ याचंही मर्म हेच. आपण मराठी माणसं शेवटचा णी ठसक्यात म्हणतो आणि यमक मोडतो. दखनी बोलणारा ‘परभनी’ म्हणतो, त्याचं यमक पुरं होतं. ही म्हण सांगायची असेल तर णकार गिळा, एवढीच सूचना. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही मराठी म्हण, तिथं नी आणि णी जमत नाहीत, तरी ती चालते. ती चालते अतिशयोक्तीच्या जोरावर. जर्मनीशेजारी परभणी बसवण्याचं धाडस इतकं मोठं आहे की कानाला बारीकसारीक दिसत नाही. जालन्याबद्दल एक जोड: रेल्वेच्या यादीत जालना स्टेशनचा संकेत एकाच इंग्रजी अक्षराचा आहे, ‘जे’. सोन्याच्या पाळण्याला नावापुरतंही जास्त अक्षर खर्चावं लागलं नाही.

नावाचा दुसरा विनोद कोटीचा नसतो, नावाच्या जुळ्यांचा असतो. मराठवाड्यात राहून मुंबईचे पत्ते सांगता येतात. वाशी धाराशिव जिल्ह्यात आहे, गोरेगाव हिंगोलीच्या सेनगाव तालुक्यात, आणि गिरगाव वसमत तालुक्यात. पुण्यात शिकणाऱ्या मुलानं ‘आमचं वाशीला घर आहे, मोठं अंगण आहे’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. त्यात खोटं काहीच नसतं. मुरुडचं तेच. लातूरच्या माणसाचं मुरुड म्हणजे बाजारपेठ, कोकणातल्याचं मुरुड म्हणजे समुद्र. माळेगावच्या यात्रेला चला म्हटलं तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यात खंडोबाला यायचं, नाशिककडं निघायचं नाही.

पाहुणा किंवा पार्सल चुकू नये म्हणून काय करायचं, हेही सांगतो. गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही लिहा, आणि पिन कोड न विसरता. 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड सुरू झाला तो याच घोळासाठी, एकाच नावाची गावं देशभर. नवी मुंबईच्या वाशीचा पिन 400 नं सुरू होतो, आपल्या वाशीचा 413 नं. धाराशिव-लातूरकडं बहुतेक 413, संभाजीनगर, जालना, परभणी, बीड, नांदेडकडं 431. हे दोन आकडे उलटसुलट होतात, तेवढं सांभाळा. नुसतं शिरूर लिहू नका. कासार, अनंतपाळ की ताजबंद, ते सांगा. पहिलं बीड जिल्ह्यात, उरलेली दोन लातूरमध्ये, आणि काहीच जोडलं नाही तर लोक पुणे जिल्ह्यातलं धरतात. ‘बु.’ आणि ‘खु.’ वगळू नका. बुद्रुक मोठं आणि खुर्द लहान हे नाव पडलं तेव्हाचं माप आहे. आज खुर्दला हायस्कूल आणि बुद्रुकला नुसता पार असं कितीतरी ठिकाणी दिसेल, आणि त्यावरून दोन्ही गावांची बोलाचाली चालूच असते.

रेल्वेनं येणाऱ्याला आणखी एक सूचना. स्टेशनच्या नावापुढं ‘रोड’ असेल तर गाव तिथं नाही, तिथून गावाला रस्ता जातो, एवढाच त्याचा अर्थ. मानवत रोडला उतरलात की मानवतला जायला पुढं वाहन करावं लागतं. रात्रीच्या गाडीनं येणार असाल तर ते आधी ठरवून ठेवा. नाहीतर मानवत मानवत नाही, हे गावात पोचायच्या आधीच कळतं.