सावध राहणं पुरत नाही

(पडद्यावर एक ई-मेल. मजकूर मोजका, खाली निळं बटण.)

१९ मार्च २०१६. जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर एक मेल येतो. पोडेस्टा म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराची धुरा सांभाळणारे गृहस्थ. मेल गूगलचाच वाटतो. तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला आहे, युक्रेनमधून लॉग-इनचा प्रयत्न झाला, आम्ही तो अडवला, आता पासवर्ड ताबडतोब बदला. त्यासाठी खाली बटण.

बटण कुणी डोळे झाकून दाबलं नाही. कार्यालयातल्या माणसांना शंका आली. त्यांनी तो मेल संगणकाची व्यवस्था बघणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवला. त्याचं उत्तर आलं: मेल खरा आहे, पासवर्ड लगेच बदला. सोबत त्याने गूगलची अस्सल लिंक दिली, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीसारखी आणखी एक खातरजमा) सुरू करा असंही बजावलं. मेल खोटा आहे असंच मला लिहायचं होतं, टाइप करताना घोळ झाला, असं त्याने पुढे सांगितलं. व्हायचं ते झालंच. दाबली गेली ती मूळ मेलमधली लिंक. ऑक्टोबरपासून पोडेस्टांचे हजारो मेल विकिलीक्स या गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या साइटवर सगळ्या जगाला वाचायला खुले झाले.

आता यात निष्काळजी कोण होतं? शंका आली होती. जाणकाराला विचारलं होतं. जाणकाराने योग्य वाटही दाखवली होती. ऑनलाइन फसवणुकीबद्दल आपल्याला ऊठसूट एकच सल्ला मिळतो: सावध राहा. सल्ला खोटा नाही, पण तोकडा आहे. माणूस दिवसभर सावध राहू शकत नाही. तो दमतो, घाईत असतो, एका हाताने फोन बघत असतो. चोराला तेवढा एक क्षण पुरतो. म्हणून आपलं लक्ष नसतानाही आपल्याला वाचवतील अशा कोणत्या सोयी करून ठेवता येतात, हे जास्त महत्त्वाचं.

(व्हिडिओ कॉलचा पडदा. चार-पाच चेहरे बोलताहेत. आवाज नाही.)

दुसरं प्रकरण २०२४ सालचं, हाँगकाँगमधलं. अरुप या बांधकाम-अभियांत्रिकी कंपनीच्या तिथल्या कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याला निरोप येतो. ब्रिटनमधले मुख्य वित्त अधिकारी म्हणताहेत, एक गोपनीय व्यवहार करायचा आहे. कर्मचाऱ्याला वास येतो. हा प्रकार बनावट असणार. मग त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावलं जातं. तिथे साहेब दिसतात, ओळखीचे सहकारी दिसतात, बोलतात. शंका विरते. तो १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवतो. त्या कॉलवर खरा माणूस तो एकटाच होता. बाकीचे चेहरे आणि आवाज संगणकाने घडवलेले होते.

‘डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं’ या पुराव्याची किंमत एवढी उतरली आहे. कुणाचा आवाज हुबेहूब उभा करायला आता त्या माणसाच्या बोलण्याचा छोटासा तुकडाही पुरतो, आणि आपल्यातले बहुतेक जण असे तुकडे स्वतःच इंटरनेटवर टाकत असतात.

फसवणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच चित्र येतं: परदेशातल्या कुणा राजपुत्राची कोट्यवधींची संपत्ती, मोडकीतोडकी भाषा, हास्यास्पद आश्वासनं. असल्या मेलला कोण भुलतं, असं आपण म्हणतो. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली याचं फार मार्मिक उत्तर दिलं. मेल हास्यास्पद असण्यातच चोराचा फायदा आहे. लाखो मेल पाठवायला खर्च जवळपास शून्य, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलत बसायला वेळ जातो. मधेच शहाणा होऊन निघून जाणारा माणूस चोराला परवडत नाही. म्हणून पहिल्या मेललाच चाळणी लावलेली असते. आपण हसून तो मेल पुसतो, आणि आपण फसणाऱ्यांतले नाही अशी खात्री मनाशी बांधतो. ती खात्रीच महागात पडते. कारण आपल्यासाठी बेतलेला सापळा तसा दिसणारच नाही. तो पार्सलच्या निरोपासारखा दिसेल, बँकेच्या सूचनेसारखा दिसेल, साहेबांच्या दोन ओळींसारखा दिसेल.

(फोन वाजतो. पडद्यावर बँकेचं नाव.)

फोनवर दिसणारं नाव किंवा नंबर खोटा दाखवता येतो. पलीकडच्या माणसाला आपलं नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे माहीत असले तरी काही सिद्ध होत नाही. ही माहिती कुठून ना कुठून फुटलेली असते आणि विकली जाते. मग तो म्हणतो, तुमच्या खात्यातून पैसे जाताहेत, आत्ता थांबवायला हवेत. फोन ठेवू नका. कुणाशी बोलू नका.

या शेवटच्या दोन वाक्यांकडे नीट बघा. फोन ठेवला की आपण विचार करू, कुणाला तरी विचारू. त्याला नेमकं तेच नको आहे. खऱ्या बँकेला आपण फोन ठेवल्याने काहीही बिघडत नाही. म्हणून समोरचा खरा की खोटा हे बोलण्यावरून ओळखायच्या भानगडीत पडूच नये. तो खेळ त्याच्या सरावाचा, आपल्या नाही. फोन ठेवायचा, कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या अधिकृत अॅपवर असलेला नंबर स्वतः काढायचा, आणि स्वतः फोन करायचा. साहेबांचा पैशांचा निरोप आला तरी हेच. मुलाचा रडवेला आवाज आला तरी हेच, आणि तेव्हा ते सगळ्यात अवघड असतं. काही कुटुंबांनी आपसात एक शब्द ठरवून ठेवला आहे, पैशांची निकड असेल तेव्हा तो विचारायचा. ऐकायला नाटकी वाटतं, पण व्यवस्था चांगली आहे.

‘तुम्हाला मदत करतो, हे अॅप टाका’ असं कुणी म्हणालं, तर ते अॅप बहुधा आपला पडदा त्याला दाखवणारं किंवा आपला फोन त्याच्या हाती देणारं असतं. आपण स्वतः मदत मागितलेली नसताना असं अॅप कधीच टाकू नये. याला अपवाद मला तरी सुचत नाही.

(जुनं छायाचित्र: कपाटाएवढी यंत्रं, फिरणाऱ्या टेप.)

आता पासवर्डकडे वळू. संगणकावरच्या पासवर्डची पहिली चोरी जवळजवळ पासवर्डइतकीच जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक मोठा संगणक अनेक जण वाटून वापरत. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळे आणि प्रत्येकाला पासवर्ड असे. १९६२ साली अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला तो वेळ पुरेना. त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या खात्यांवर काम सुरू ठेवलं. कुणाचाही पासवर्ड ओळखायची त्याला गरज पडली नाही.

आजही बहुतेक पासवर्ड असेच जातात, एकेक न जाता गठ्ठ्याने. २००९ साली रॉकयू या कंपनीकडून ३ कोटींहून जास्त पासवर्ड फुटले, आणि ते जसेच्या तसे साठवलेले होते. सगळ्यात लोकप्रिय पासवर्ड निघाला १२३४५६. याहूवर २०१३ साली झालेल्या हल्ल्याची झळ तब्बल ३०० कोटी खात्यांना लागली होती, हे कंपनीने २०१७ मध्ये सांगितलं. आपण काहीही चूक केलेली नसताना आपला पासवर्ड चोरांच्या यादीत असू शकतो. तो तिथे असेल असं धरून चालावं.

खरा धोका त्यापुढचा. चोर ती यादी घेतो आणि तेच ई-मेल, तोच पासवर्ड इतर शेकडो साइटवर आपोआप लावून बघतो. २०१२ साली ड्रॉपबॉक्स या फाइली साठवणाऱ्या सेवेत शिरकाव झाला तो असाच. त्यांच्या एका कर्मचाऱ्याने इतरत्र वापरलेला पासवर्ड कामाच्या खात्यालाही ठेवला होता. त्याचं मोल चार वर्षांनी कळलं: ६ कोटी ८० लाखांहून जास्त वापरकर्त्यांचा तपशील बाहेर आलेला होता.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड हवा. आणि एवढे पासवर्ड कुणाच्याही लक्षात राहणार नाहीत, हेही मान्य करायला हवं. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतो. फोनमध्ये, ब्राउझरमध्ये तो आधीपासून असतो, वेगळाही घेता येतो. तो लांबलचक, निरर्थक पासवर्ड बनवतो, लक्षात ठेवतो, वेळेला भरतो. त्याचा आणखी एक गुण फारसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे. साइट हुबेहूब खऱ्यासारखी दिसत असली, पण पत्ता एका अक्षराने वेगळा असला, तर मॅनेजर पासवर्ड भरतच नाही. रूप त्याला कळत नाही, तो फक्त पत्ता बघतो. नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर तिथेच थांबा.

नाहीतर पत्ता डोळ्यांनी वाचायचा, आणि तो वाचायची रीत उलटी. सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून मागे यायचं, कारण साइटचा मालक कोण हे त्या टोकाशी ठरतं. बँकेचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला कुणीही घालू शकतो. फोनच्या अरुंद पडद्यावर हे कोण करत बसणार? आणि शेजारच्या कुलपाच्या चित्राचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसतं. म्हणूनच क्रोमने २०२३ साली ते चित्रच काढून टाकलं.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक चिन्ह, एक आकडा घाला, हा जुना नियम तुम्हालाही छळत असेल. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी हे मार्गदर्शन लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि मोकळे होतात. त्याच वर्षी त्या संस्थेने हा आग्रह सोडला. लांब आणि वेगळा असणं पुरेसं आहे, बदलायचा तो फुटल्याची शंका आली तर.

कुठून सुरुवात करायची? ई-मेलपासून. बँक, खरेदी, समाजमाध्यमं, सगळीकडचं ‘पासवर्ड विसरलात?’ शेवटी ई-मेलवर येतं. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती बाकीचं सगळं. आज एकच खातं नीट करायला वेळ असेल, तर ते करा.

(फोनवर सहा आकडी ओटीपी झळकतो.)

दुहेरी पडताळणी त्यानंतर. एसएमएसने येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा खूप बरा. पण तो खोट्या साइटवर भरला, तर चोर त्याच क्षणी खऱ्या साइटवर भरतो. दुसरी वाट सिमची. मोबाइल कंपनीला गंडवून आपला नंबर स्वतःच्या सिमवर घ्यायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं ट्विटर खातं असंच बळकावलं गेलं.

त्याहून भक्कम सोय म्हणजे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, किंवा हातात मावणारी सुरक्षा-किल्ली. यात टाइप करायला काही नसतं, त्यामुळे चुकून देऊन टाकायलाही काही नसतं. गुप्त भाग आपल्या उपकरणात किंवा आपल्या मॅनेजरमध्ये राहतो आणि खऱ्या पत्त्याशिवाय कुठेही चालत नाही. गूगलने आपल्या ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना २०१७ च्या सुरुवातीपासून अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. फिशिंगमुळे, म्हणजे खोटे मेल आणि खोट्या साइट दाखवून केलेल्या चोरीमुळे, त्यानंतर एकाही कर्मचाऱ्याचं कामाचं खातं गेलं नाही, असं कंपनीने वर्षभरानंतर सांगितलं. ती माणसं अचानक सावध झाली होती असं नाही. चुकायची जागाच उरली नव्हती.

अपडेटबद्दल थोडक्यात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांत संगणक ठप्प केले, ब्रिटनमधल्या रुग्णालयांतली कामं अडली. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. आपोआप अपडेट सुरू ठेवा आणि विसरून जा.

(रिकामी खुर्ची. टेबलावर फोन आणि वही.)

आणि तरीही फसलात तर? आधी बँकेला फोन, व्यवहार आणि कार्ड थांबवायला. मिनिटं महत्त्वाची असतात. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ई-मेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग-आउट करा. सेटिंगमध्ये जाऊन आपले मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आपलाच आहे ना, हे बघा. पासवर्ड बदलूनही चोर टिकून राहतो तो याच दोन जागांमुळे. निरोप, नंबर, व्यवहाराच्या पावत्या पुसू नका. पोलिसांकडे तक्रार करताना तेच लागतं.

घरात कुणी फसलं असेल, तर पहिलं वाक्य ‘तुला कळत नव्हतं का?’ हे नसावं. ओरडा बसेल या भीतीने माणसं दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून निघून जातात.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन येईल. बोलणारा स्वतःला वकील म्हणेल किंवा तपास अधिकारी. तुमची नेमकी किती रक्कम गेली, कोणत्या तारखेला, हे सगळं त्याला ठाऊक असेल. पैसे सापडले आहेत, थोडं शुल्क भरलं की परत मिळतील, असं तो सांगेल. एकदा फसलेल्यांच्या यादीला चोरांच्या बाजारात जास्त भाव मिळतो, आणि हा माणूस ती यादी समोर ठेवूनच बोलत असतो. त्यालाही काही सांगू नका. फोन ठेवा आणि तो नंबर जुन्या तक्रारीत जोडून द्या.