पोट भरलेलं, तोंड बांधलेलं, अंग मोकळं

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना संपत आला. चाकरमानी परतीच्या गाड्या पकडू लागले आणि घरोघरच्या पडवीत एकेक मोटरसायकल मागे राहू लागली. मृग लागायला दहा-बारा दिवस उरलेत. ही गाडी आता गणपतीलाच बाहेर निघणार, म्हणजे मधले तीन महिने ती एका जागी उभी. आपल्या कोकणातले हे तीन महिने कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बरणीतलं मीठ पाणी सोडतं, पेटीतल्या लुगड्यांना वास येतो, चपलांवर बुरशी धरते. तिथे लोखंडाची काय कथा! थंड मुलखातली माणसं बर्फ पडायच्या आत आपल्या मोटरसायकली अशाच आवरून ठेवतात. त्यांना बर्फ, आपल्याला पाऊस.

आज मी तीनच गोष्टी सांगणार आहे आणि त्या पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गाडी ठेवताना तिचं पोट भरलेलं हवं, तोंड बांधलेलं हवं आणि अंग मोकळं हवं. पोट म्हणजे पेट्रोलची टाकी. तोंड म्हणजे सायलेन्सरचं भोक. आणि अंग मोकळं म्हणजे गाडीला वारा लागला पाहिजे.

यातलं तोंड बांधायचं मी कुठे शिकलो, ते आधी सांगतो.

गोष्ट १९९९ सालची, आमच्या कणकवली तालुक्यातल्या घरची. कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन दीडएक वर्ष झालं होतं. माझे धाकटे काका परळला राहायचे. त्यांची सीडी हंड्रेड मोटरसायकल गावी असायची. काका गाडीच्या बाबतीत फार काटेकोर. मे महिन्यात मुंबईला जाण्याआधी त्यांनी ऑइल बदललं होतं, टाकी काठोकाठ भरली होती, चेनला ऑइल दिलं होतं, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाकाखाली फळी सारली होती. सगळं केलं होतं, एक सोडून.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी काका रेल्वेने आले, चहा घेतला आणि थेट पडवीत गेले. बेत ठरलेला होता. आमचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, महिनाभर आधीच दिला होता. दुपारी काकांनी गाडी चालवायची आणि मी मागे बसून मूर्ती मांडीवर घेऊन यायचं. मी बारा वर्षांचा. आदल्या रात्री मला झोप नव्हती.

काकांनी किक मारली. गाडी पुटपुटली आणि गप्प झाली. पुन्हा किक, पुन्हा तेच, एक पुटपुट आणि शांत. वीस किक झाल्या, तीस झाल्या. काकांचा सदरा पाठीला चिकटला. प्लग काढला, तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. पॉलिश पेपरने घासून इंजिनाला टेकवून धरला. मी हाताने सावली केली, तर निळी ठिणगी लख्ख दिसली. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, मग गाडी का धरत नाही? शेजारचे दोघे मुलगे धक्का मारायला आले. खळ्यावर शेवाळ धरलेलं, त्यातला एक घसरून कोपरावर पडला. मेकॅनिकला बोलवावं, तर तोही आपल्या गावी गणपती आणायला गेलेला.

हे सगळं चालू असताना आजी पडवीच्या कोपऱ्यात आदोळीवर नारळ खवत बसली होती. वीसेक नारळ होते, तिने मान वर केली नव्हती. बऱ्याच वेळाने तिने हातातली कवड खाली ठेवली आणि म्हणाली, "झिला, त्या नळीत कुंभारणीन घर बांधल्यान हा. श्रावणभर येय होती, जाय होती."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग हे आधी का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, "माका इचारलंस खय?"

कुंभारीण तुम्ही पाहिलेली असते. बारीक कमरेची काळी-पिवळी माशी, तोंडात चिखलाची गोळी घेऊन भिंतीच्या कोनात घरटं करते. काकांनी सायलेन्सरच्या भोकात बोट घातलं. ते अर्ध्या पेरावरच अडलं. आत मातीचं बूच होतं, विटेसारखं कडक. गाडीला श्वास सोडायला जागाच नव्हती.

सायकलचा स्पोक वाकवून आकडा केला आणि काका कोरायला बसले. आधी भुकटी पडली. मग खपली निघाली आणि आत खोली दिसली. त्या खोलीत कोळी होते, अगदी लहान, हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचे, एकावर एक रचलेले. मी तळहातावर घेतले, तर एकाचा पाय हलला. कुंभारीण त्यांना नांगी मारून लुळं करते, मारत नाही. पिल्लाला ताजं अन्न मिळावं म्हणून. पिल्लूही होतं, पिवळसर, भाताच्या दाण्याएवढं. आजीने ते सगळं केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेतलं आणि जास्वंदीच्या मुळाशी नेऊन ठेवलं. सणाच्या दिवशी कुणाचं घर मोडलं, याची तिला हळहळ वाटली होती. ती तिच्या तोंडावर दिसत होती.

काकांनी किक मारली. फट्‌ असा आवाज झाला, उरलेलं ढेकूळ खळ्याच्या पार टोकाला जाऊन पडलं आणि गाडी सुरू झाली. आम्ही ओरडलो. आणि त्याच वेळी पाणंदीतून बाबा येताना दिसले, डोक्यावर पाट, पाटावर गणपती, वर छत्री धरलेला शेजारचा मुलगा. आमची खटपट चालू असताना कुणाला न सांगता ते चालत जाऊन मूर्ती घेऊन आले होते. माझ्या मांडीवरून गणपती यायचा राहिला तो राहिलाच. संध्याकाळी काकांनी मला मागे बसवून कणकवलीच्या बाजारात नेलं, गणपतीवर टांगायच्या माटवीच्या चौकटीला बांधायची कवंडळं, ती रानफळं, आणायला.

तर श्रोतेहो, तोंड बांधा. गाडी ठेवायच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं चांगली फिरवून आणा, म्हणजे सायलेन्सर आतून सुकतो. पुरता थंड झाला की जुन्या सुती धोतराचा दुहेरी तुकडा भोकावर ठेवून सुतळीने बांधा. बोळा आत कोंबू नका, तो काढायला माणूस विसरतो. आणि बांधलंय हे लक्षात राहावं म्हणून किल्लीला लाल चिंधी अडकवा.

आता पोट. त्याच फेरीत पंपावर जाऊन टाकी भरून घ्या. अर्धी टाकी ठेवली की वरच्या अर्ध्या भागात दमट हवा राहते, पत्र्याला घाम येतो आणि टाकी आतून गंजते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून पोट भरलेलंच हवं. कार्बोरेटरची गाडी असेल तर फेरीच्या शेवटी, तोंड बांधायच्या आधी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवा. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपलं की ते आपोआप बंद पडेल. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना हे करावं लागत नाही. त्यांची बॅटरी मात्र सांभाळा, कारण पुष्कळ गाड्यांना आता किकच नसते. बॅटरी काढताना आधी मायनसची वायर सोडवा, लावताना ती शेवटी लावा. घरात फळीवर ठेवा. मीटर १२.४ व्होल्टच्या खाली दाखवू लागला की चार्जिंगला लावा.

ऑइल जुनं असेल तर आत्ताच बदला, गणपतीनंतर नको. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल तीन महिने आतल्या भागांना लागून राहतं. क्लचची दांडी दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला बांधा, प्लेटी चिकटणार नाहीत. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या सीटखाली.

आणि अंग मोकळं. निळी ताडपत्री गाडीला खालपर्यंत गुंडाळून दोरीने करकचून बांधलेली मी गावोगाव बघतो आणि जीव कळवळतो. जमिनीतला दमटपणा आत अडकतो, बाहेर जात नाही. त्यापेक्षा जुनी सुती चादर घाला. वरून गळत असेल तर ताडपत्री छतासारखी बांधा, गाडीला टेकू देऊ नका. खरं तर यासाठी पडवीसारखी जागा नाही, वर छप्पर आणि बाजूने वारा. आता नवी घरं बांधताना लोक पडवीच काढून टाकतात, समोर काच आणि ग्रिल लावतात. मला हे बिलकूल पटत नाही. पडवीत लाकडं सुकायची, भाताची कणगी राहायची, म्हातारी माणसं बसायची आणि घरात कोण येतं-जातं ते त्यांना दिसायचं. कुंभारीणसुद्धा दिसायची.

त्या म्हाताऱ्या माणसांबद्दल एक विनंती. मुंबईहून फोन करून त्यांना "रोज पाच मिनिटं गाडी चालू करा" असं सांगू नका. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. पाच मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, ते पाणी आतच राहतं आणि गंज चढतो. सेल्फ मारून बॅटरी उतरते ती वेगळीच. उघाडीच्या दिवशी कुणी वीस मिनिटं फिरवून आणणार असेल तर ठीक, नाहीतर हात लावू नये. त्यांना एवढंच सांगा, की गाडीभोवती कुणी घर करताना दिसलं तर कळवा. आणि तुम्हीही फोनवर विचारा.

गणपतीला आलात की आधी चादर काढा, मग सायलेन्सरवरचं धोतर सोडा, टायरमध्ये हवा भरा, ब्रेक दोनदा दाबून बघा. किक असेल तर चावी बंद ठेवून दहा-बारा किका हळू मारा, ऑइल वर चढू द्या. मगच चावी फिरवा.

नमस्कार.