भाड्यासाठी जुना फ्लॅट घ्यायचा असेल, तर आधी खालच्या मजल्यावर जा

मंडळी, आपल्यापैकी बहुतेक जण निवृत्तीची पुंजी गुंतवून भाड्याने देण्यासाठी दुसरे घर घेण्याच्या विचारात आहात, आणि पत्रिकेत माझा विषय 'जुन्या फ्लॅटची अवस्था आणि भाड्याचे गणित' असा छापलेला आहे. गणिताकडे मी येईनच. परंतु इमारती तपासण्याच्या माझ्या व्यवसायात भेटेल त्याला मी जो आग्रह करत आलो आहे, तो आधी मांडू द्या. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा असेल, तर पहिल्या मजल्यावरची बाथरूम पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

कारण साधे आहे. ज्या स्लॅबवर आपली बाथरूम उभी असते, त्याची वरची बाजू फरशीखाली झाकलेली असते आणि खालची बाजू दुसऱ्याच्या घरात असते. विकणारा आपल्या भिंतींना रंग देऊ शकतो, नवी फरशी बसवू शकतो. खालच्या घराचे छत मात्र त्याच्या हातात नसते.

कोथरूडमधल्या एका चार मजली इमारतीतला प्रसंग सांगतो. १९८०च्या दशकात पुण्यात अशा कितीतरी इमारती उभ्या राहिल्या, आणि आपल्यातल्या अनेकांचे राहते घरही तशाच इमारतीत असेल. एका दांपत्याला तिथला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पसंत पडला होता. मे महिना होता, रंग ताजा होता, बाथरूममध्ये चकचकीत टाइल्स होत्या. उंबऱ्याची उंची पाहिल्यावर लक्षात आले की, जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली आहे. मी त्या दोघांना घेऊन खाली गेलो आणि दार उघडणाऱ्या वृद्ध बाईंना विचारले, "आजी, तुमच्या बाथरूमचं छत जरा पाहू का?" त्या म्हणाल्या, "या, या, बघाच. तीन वर्षं झाली ठिबकतंय, वरच्यांना सांगून सांगून थकले मी." छताला पीव्हीसीच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. एक पट्टी सरकवली, तर वर तपकिरी डाग, पांढरे क्षार आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमचे सांडपाणी जाते त्या जाळीखालच्या भांड्याच्या, खाली हातभर जागेत काँक्रीट सुटून उघडी पडलेली सळई दिसली. आजूबाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकले, तर बराच भाग पोकळ वाजला. आजींच्या परवानगीने सुटत आलेल्या काँक्रीटची ताजी कड फोडून तिच्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले. निरोगी काँक्रीट त्याने गडद गुलाबी होते. इथे सळईच्या खोलीपर्यंत रंगच आला नाही. काँक्रीटचा जो अल्कधर्मी गुण सळईला गंजण्यापासून राखतो, तो तिथे संपला होता.

अशा जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली सोडलेला असतो. त्या खोलगट जागेत विटांच्या तुकड्यांचा भराव घालून त्यातूनच सांडपाण्याचे पाइप नेलेले असतात. ट्रॅपचा सांधा सुटला की पाणी भरावात साठते आणि स्लॅब बारा महिने ओला राहतो. सळई गंजली की तिचे आकारमान वाढते आणि ती खालचे काँक्रीट ढकलून पाडते. वरून टाइल्स चिकटवल्याने यातले काहीही थांबत नाही, उलट स्लॅबवरचे वजन वाढते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सदनिकेतल्या संडास-बाथरूममधून होणारी गळती दुरुस्त करण्याचा खर्च त्या सदनिकाधारकाचा असतो, म्हणजे त्या दांपत्याने खरेदी केली असती, तर आजींचे छत दुसऱ्या दिवसापासून त्यांची जबाबदारी झाले असते. एका वयस्कर बाईला तीन वर्षे बादली लावायला लावून वर गुळगुळीत टाइल्सचे पैसे मागावेत, याचा मला तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो.

आपले घर खालच्याच्या छतात दिसते, तसे वरच्याचे आपल्या छतात दिसते; म्हणून घेताना एक घर घ्या, पण पाहताना तीन पाहा. शक्य असेल तर ऑगस्टअखेरीस पाहा, कारण भिंतीत मुरलेली ओल तेव्हा रंगाला जुमानत नाही. पाऊस ज्या बाजूने झोडपतो, त्या पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींना आतून हात लावा. छज्जे खालून पाहा. डक्टमधल्या, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीतल्या, पाइपांच्या सांध्यावर पिंपळाचे रोप उगवलेले असेल, तर तिथे पाणी कायम झिरपते आहे असे समजा. ठाणे-वसईकडे घेणार असाल, तर खाऱ्या हवेमुळे सळयांकडे दुप्पट लक्ष द्या.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा गणित भराभर सांगतो. समजा, फ्लॅट ८० लाखांचा आणि भाडे महिना २०,००० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार, अवघे तीन टक्के. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते), मिळकत कर आणि एक महिना घर रिकामे राहणे वजा केले, तर हाती १ लाख ७० हजारांच्या आसपास उरतात. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने प्रत्येकी ३ लाखांची वर्गणी काढली, तर पावणेदोन वर्षांचे उत्पन्न संपले. प्राप्तिकरात भाड्यावर मिळणारी ३० टक्के प्रमाणित वजावट ठरलेली आहे. दुरुस्तीवर जास्त खर्च झाला म्हणून ती वाढत नाही.

म्हणून फ्लॅटइतकीच सोसायटीची दप्तरे पाहा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. तो अहवाल मागा. सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी सोसायटी साठवते त्या निधीत, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी जमा होतो का, ते विचारा. 'तुम्ही सभासद नाही' असे उत्तर आले, तर विकणाऱ्याला पुढे करा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क आहे, आणि गळतीची भांडणे त्यातच सापडतात.

पुनर्विकास होणारच आहे, मग स्लॅबची चिंता कशाला, असे काही जण म्हणतील. परंतु पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि तोवर त्याच इमारतीत आपल्याला भाडे देणारे कुटुंब झोपते. त्यांच्यासाठी गिझरच्या सर्किटला अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. हा खर्च किमतीत घासाघीस करून टाळण्याचा नाही.

शेवटची सूचना विसारपावतीबद्दल. खालच्या घराची पाहणी आणि संरचनात्मक अहवाल समाधानकारक नसल्यास विसार परत मिळेल, असे कलम तिच्यात लिहून घ्या आणि मगच सही करा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत केव्हाचा हात वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.