पाणी किती फूट आलं?

(दृश्य : पावसातला राजाराम बंधारा)

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळी पहिली चौकशी एकच. पंचगंगा नदीच्या बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. घराघरात हे आकडे निघतात आणि कोपऱ्यात खेळणारं पोर ते ऐकत असतं. फूट म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. आईचा आवाज बदललाय, एवढं मात्र बरोबर कळतं. मग पोटात दुखतं, रात्री आईचा पदर सुटत नाही.

आपण म्हणतो, "काही होत नाही, गप झोप." नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या पोराला हे कसं पटावं? घर सोडून, जनावरं घेऊन निघाल्याच्या गोष्टी त्यानं आज्जीकडूनच ऐकल्यात. त्यापेक्षा "भ्या वाटतंय व्हय? ये, बस माझ्याजवळ," हे जास्त खरं.

(दृश्य : अंगणवाडी. मुलं गोल करून बसलेली, ओंजळी पुढं)

घाबरलेल्या पोराला शांत करायचा एक खेळ आहे. ओंजळीत गरमागरम पांढरा रस्सा आहे म्हणायचं. आधी नाकानं वास घ्यायचा. मग फुंकर, अगदी सावकाश. रस्सा सांडला नाही पाहिजे!

खेळाची सगळी गंमत त्या फुंकरीत आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. मेंदूपासून पोटापर्यंत उतरलेली व्हेगस नावाची नस हे काम करते. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. नुसतं "मोठा श्वास घे" म्हटलं, की पोरं खांदे उचलून छाती फुगवतात. असे भराभर श्वास घेतले तर उलट चक्कर येते. श्वास रोखायला लावू नये, आकडेही मोजायला लावू नयेत. साबणाचे फुगे चालतात, भिरभिरं चालतं. फुग्यावर जोरात फुंकलं की तो फुटतो, त्यामुळं हळू फुंकायला वेगळं शिकवावं लागत नाही. चार-पाच फुंकरा झाल्या की बास.

हे शिकवायचं मात्र उन्हाळ्यात, पोर हसत-खेळत असताना. डाव तालमीत घोटवतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरल्यावर कोण शिकतं? आणि घाबरलेल्या पोराला नुसती सूचना देऊन भागत नाही. त्याला मांडीवर घेऊन आधी मोठ्यानंच फुंकर घालायची. पोर मागोमाग घालतं.

(दृश्य : आई आणि मूल, शेजारी भरलेली पिशवी)

फुंकरीनं नदी उतरत नाही. पोर ऐकायच्या तयारीत येतं, एवढंच. मग त्याला सांगता येतं : पाणी वाढलं तर आपण कुठं जाणार, म्हैस कुठं बांधणार, तुझं दप्तर कोण घेणार. दप्तर त्याच्याच हातानं भरून घ्यावं.

पाऊस थांबून आठवडे उलटले, तरी झोप नाही, जेवण नाही, शाळेचं नाव काढलं की रडू, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मदतीचा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.