शोरूममध्ये "सात टक्के" ऐकलंत? सही करायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! ऑन-रोड किमतीच्या व्हिडिओखाली तुमचे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतायत. "दादा, घोडबंदर रोडच्या शोरूमवाला सात टक्क्यांनी लोन देतोय, माझी बँक नऊ सांगतेय. शोरूमचंच घेऊ ना?" ऐरोलीच्या एका ताईंनी तर कोटेशनचा फोटोच पाठवला. म्हणून आज फक्त शोरूममधून होणारं गाडीचं लोन.

बेसिक पटकन उरकतो. शोरूम स्वतःचे पैसे देत नाही. पैसे बँक देते किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी फायनान्स कंपनी देते. शोरूममधला फायनान्सवाला तुमची फाइल तिकडे पोचवतो आणि त्याचं कमिशन सुटतं. त्यात बेकायदा काही नाही, पण ज्या बँकेचं नाव तो पहिलं घेतो तीच तुम्हाला स्वस्त पडेल असं धरून चालू नका. आरसीवर बँकेचा बोजा चढतो, त्याला सगळे एचपी म्हणतात. लोन फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो उतरवायचा. ठाण्याची गाडी असेल तर एमएच ०४, नवी मुंबईची असेल तर एमएच ४३. झालं बेसिक.

आता मुद्द्याचं. ते "सात टक्के" कसले, हे कुणी विचारतच नाही. फ्लॅट की रिड्यूसिंग? हा एक प्रश्न विचारा. शोरूममध्ये तोंडी सांगितलेला रेट बऱ्याचदा फ्लॅट असतो, आणि बँकेच्या बोर्डावरचा असतो रिड्यूसिंग. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होतच नाही.

हिशोब करू. आठ लाखांचं लोन, पाच वर्षं. सात टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण आठ लाखांवर व्याज. वर्षाला ५६ हजार, पाच वर्षांचे २ लाख ८० हजार. हप्ता बसतो १८,००० रुपये. आता तेच आठ लाख बँकेकडून नऊ टक्के रिड्यूसिंगने. जेवढं मुद्दल शिल्लक, तेवढ्यावरच व्याज. हप्ता साधारण १६,६०७, एकूण व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास. "महाग" नऊ टक्के हे "स्वस्त" सात टक्क्यांपेक्षा ८३ हजारांहून जास्त स्वस्त पडले! ते सात टक्के फ्लॅट रिड्यूसिंगच्या भाषेत जवळजवळ साडेबारा टक्के होतात.

कुणीतरी लिहिलंय, "हप्ता परवडतो ना, मग बाकीचं कशाला बघायचं?" भाऊ, बघायचं, कारण पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत कधीतरी तुम्हाला लोन बंद करावंसं वाटेल. माझ्या मेव्हण्याचं हेच झालं. कळव्याला राहतो, बोनस आला, म्हणाला दोन वर्षं झालीत, उरलेलं लोन फेडून टाकतो. त्याच्या डोक्यात हिशोब होता: साठातले चोवीस हप्ते गेले, मुद्दलही तेवढंच गेलं असणार. वरच्याच १८,००० हप्त्याच्या उदाहरणात हा हिशोब घातला तर ४ लाख ८० हजार उरायला हवेत. प्रत्यक्षात उरतात ५ लाख ३८ हजारांच्या आसपास. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त कापलं जातं, आणि खरा रेट साडेबारा असेल तर आणखी जास्त. स्टेटमेंट हातात घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. लोन देताना त्याला हे कुणीही सांगितलं नव्हतं, आणि याचा मला मनापासून राग येतो.

"फायनान्सवाला फ्लॅट आहे असं कबूलच करत नाही", ही दुसरी तक्रार. त्याच्या कबुलीची गरज नाही. फोनवर कुठलाही ईएमआय कॅल्क्युलेटर उघडा. आठ लाख, साठ महिने, सात टक्के टाका. उत्तर येतं १५,८४१. कोटेशनवर १८,००० आहे? मग एक तर रेट फ्लॅट आहे, नाही तर लोनच्या रकमेत काहीतरी आत ढकललंय. तिथेच, टेबलावरच विचारा, "हा दोन हजारांचा फरक कशाचा?" घरी येऊन विचारू नका, तोवर डिलिव्हरीची तारीख ठरलेली असते.

आत ढकललंय म्हणजे काय? एक्सटेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज, लोनचा विमा. तुम्ही आठ लाख मागता आणि सँक्शन होतात साडेआठ. सीट कव्हरवर पाच वर्षं व्याज भरायचं का, ते तुम्ही ठरवा, पण कळून-सवरून ठरवा. गाडीचा विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, लागतोच, पण कुठून घ्यायचा ते तुमच्या हातात आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. केएफएस. की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे लोनची मुख्य माहिती असलेला कागद. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या रिटेल कर्जाला हा कागद द्यावाच लागतो, बँक असो वा एनबीएफसी. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज आणि प्रोसेसिंग फीसारखे खर्च धरून वर्षाला पडणारा खरा रेट. फ्लॅटची बनवाबनवी इथे उघडी पडते. कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा, म्हणून मराठीत मागा, संकोच करू नका. यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. "साहेब, ऑफर आजच संपतेय, आताच सही करा" असं कुणी म्हणालं तर हे तीन दिवस आठवा.

दसरा-पाडव्याला ही घाई फार होते. घरच्यांना मुहूर्तावर गाडी हवी असते, आणि त्या ओढीत माणूस कोऱ्या फॉर्मवर सह्या करतो. कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही! त्या सहीवर तुमची फाइल चार-पाच ठिकाणी फिरते, प्रत्येक ठिकाणी सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या रेकॉर्डवर, चौकशीची नोंद पडते. फाइल कुठल्या बँकेत टाकायची ते फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा.

"आमच्याकडून लोन घेतलं नाही तर २५ हजारांचा डिस्काऊंट नाही", असं सांगितल्याचं वाशीच्या एका दादांनी लिहिलंय. चालेल, ते लेखी मागा. मग २५ हजार एका बाजूला, व्याजातला फरक दुसऱ्या बाजूला. आपल्या उदाहरणात तो ८३ हजार होता. उलट शोरूमचा रिड्यूसिंग रेट खरंच कमी निघाला तर बिनधास्त तिथूनच घ्या. कंपन्यांच्या काही स्कीम चांगल्या असतात, एपीआर बघितला की कळतं.

ज्यांनी आधीच सही केलीय त्यांच्यासाठी: शोरूमला फोन करत बसू नका, लोन देणाऱ्या बँकेला ईमेल करा. केएफएस, लोन ॲग्रीमेंट आणि परतफेडीचं शेड्यूल मागा. फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी लोन बंद करायचा चार्ज, किती तेही विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८.

आणि ताई, तुमचं कोटेशन बघितलं. हप्ता आणि रेट जुळत नाहीयेत, केएफएस येईपर्यंत बुकिंगच्या पुढे एक रुपया भरू नका. बाकीच्यांनीही कोटेशन पाठवा, मी बघतो, फक्त नाव, मोबाइल नंबर आणि पॅन झाकून पाठवा.