करंगळी सोडून

(पडद्यावर: शिलाई मशीनवर चालणारे हात. महाल, नागपूर.)

हाताला मुंग्या येतात म्हणून कोणी लगेच दवाखाना गाठत नाही. ताप मोजता येतो, सूज दिसते. बधिरपणा दाखवायचा कसा? मग आधी तेल चोळून पाहायचं, नंतर गोळ्या, नंतर ताकदीची इंजेक्शनं. महालातल्या या मावशींनीही तेच केलं. ब्लाउज शिवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं.

"दिवसा काम होऊन जाते. पण रात्री झोप मोडते, अन् हात झटकत बसा लागते. सुई बोटात हाये का पडली, तेही समजत नाही."

कोणी म्हणालं शुगर, कोणी म्हणालं मानेचा मणका. मानेचा एमआरआय झाला. या वयात बहुतेकांच्या मणक्यात थोडीफार झीज दिसतेच, तशी ती दिसली. गळ्यात पट्टा आला, हात मात्र होता तसाच राहिला.

नागपुरात डॉक्टरांची वानवा नाही. मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे, धंतोली-रामदासपेठेत तर पावलोपावली पाट्या. तरीही एक साधा प्रश्न मावशींना फार उशिरा विचारला गेला. नेमकी कोणती बोटं?

"सगळाच हात," मावशी म्हणाल्या. बहुतेक जण असंच सांगतात. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि कापसाचं टोक एकेका बोटावरून फिरवलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट: नीट कळत नाही. करंगळी: लगेच कळलं. मग अनामिका. मधल्या बोटाकडची बाजू मंद, करंगळीकडची चांगली. एकाच बोटाच्या दोन बाजू, दोन उत्तरं.

तळहाताच्या बाजूने अंगठ्याकडची साडेतीन बोटं मीडियन नसेची, उरलेली दीड अल्नर नसेची. बहुतेकांची हद्द अनामिकेच्या मधोमध जाते. मानेतली नस दबली तर बोट असं मधोमध विभागलं जाणं क्वचितच. मीडियन नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून पंजात येते, बोटं वाकवणाऱ्या नऊ स्नायुरज्जूंसोबत. तिथं दाटी झाली की नस चेपते. झोपेत मनगट दुमडलं की आणखी चेपते, म्हणून त्रास रात्री जास्त. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांनी मनगटं दुमडून हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून धरायला सांगितलं. मिनिट पुरं व्हायच्या आतच मुंग्या सुरू.

पण तपासणी इथं थांबली नाही, आणि हे फार बरं झालं. डॉक्टरांनी मावशींच्या कोपरामागची नस चाचपून पाहिली, हातापाठीवर कुठं फिकट, बधिर चट्टा आहे का ते पाहिलं. "हे कशाले?" मावशींनी विचारलं. उत्तर ऐकून त्या गप्प झाल्या.

कुष्ठरोग. विदर्भाला हा आजार नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम, वरोऱ्याला आनंदवन. सेवाग्रामला कुष्ठरोगी पंडित परचुरेशास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत. तरी आजही हा शब्द ऐकला की लोक चट्टा पदराखाली झाकतात, आणि तेवढ्यात नस कायमची निकामी होते. बोटं वाकडी होतात ती त्या उशिरामुळे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यायचं. नसेचं नुकसान नवं असेल, साधारण 6 महिन्यांच्या आतलं, तर स्टिरॉइड देऊन गेलेली संवेदना परत येण्याची चांगली आशा असते. मग लाज कसली धरायची?

मावशींना तसं काही निघालं नाही. रक्तात शुगर, थायरॉइड आणि बी-12 तपासलं. थायरॉइड कमी पडलं तरी मनगटातली नस दबते. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-12 उतरू शकतं. शुगरचा बधिरपणा सहसा आधी पायांत येतो. आणि एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, सोबत तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळलं, तर यातलं काही करत बसू नका. तो लकवा असू शकतो. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

(पडद्यावर: एनसीव्हीची खोली. मनगटावर चिकटवलेल्या तारा.)

एनसीव्ही म्हणजे नसेला बारीक करंट देऊन तो किती वेळात पोचतो ते मोजणं. डिसेंबरातली सकाळ होती, मावशींचे हात गार पडलेले. गार हातात करंट आपोआप हळू धावतो, म्हणून तंत्रज्ञांनी आधी ते ऊबदार केले. झटका बसला तशा मावशी दचकल्या, मग हसल्या.

दोन्ही मनगटांत मीडियन नस मंदावलेली, उजव्या हातात जास्त. थायरॉइडही कमी निघालं, त्याची गोळी सुरू झाली. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावायचा. अंगठ्याखालचा मांसल भाग अजून खपाटीला गेलेला नाही. जाऊ लागला तर ऑपरेशन, तोवर वाट पाहू, असं डॉक्टर म्हणाले. मावशींनी विचारलं, मशीन चालवू का? चालवा, पण मधेमधे थांबा. गळ्यातला पट्टा त्याच दिवशी सुटला.